केरबाचं आजचं दूध

“सांगितलं तर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही,” सुमंत दूध संघाच्या संचालकांसमोर उभा राहून म्हणाला, आणि त्याच्याकडे प्रोग्राम लिहिणाऱ्या अबोलीने मान खाली घातली. पुढचं तिला पाठ होतं. सांगलीहून रहिमतपूरला येताना गाडीत त्याने त्याची तालीमच केली होती.

दूध संघाचा प्रोग्राम सुमंतच्या कंपनीने केलेला. एका सभासदाचं पान उघडायचं म्हटलं, तर तोवर पुढ्यातल्या चहावर साय धरायची.

“तीन दिवस अन्नाला शिवलो नाही. डेटाबेसची ओळ न् ओळ वाचून काढली. शेवटी शेवटी तर मशीन असं फणफणलं, की बायकोने डॉक्टर बोलावला.”

“कुनासाठी? तुमच्यासाठी का मशीनसाठी?” अध्यक्ष दादासोंनी विचारलं.

संचालक हसले. सुमंतही हसला आणि त्याने बोट अबोलीकडे वळवलं.

“ही सगळी हिची करणी. एकेका दिवसाच्या दुधासाठी हिचा प्रोग्राम डेटाबेसकडे वेगळी खेप मारायचा. मी सगळं एका खेपेत आणलं. आणि हिला उद्यापासून घरी बसवतोय, तुम्ही निर्धास्त राहा.”

घरी बसवायचं गाडीतल्या तालमीत नव्हतं; ते अबोलीला आत्ताच कळत होतं. त्या खेपा शोधल्या होत्या तिनेच. प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्या मधे बसणारी, बाहेरून घेतलेल्या कोडची तयार लायब्ररी, कुणाला न सांगता, प्रत्येक दिवसाचं दूध वेगवेगळं मागत होती. सगळ्या दिवसांचं एकदम मागायचं, एवढाच उपाय. तो नीट तपासून बसवायला तिने आठवडा मागितला. सुमंतला धीर नव्हता. त्याने परवाची सगळी पानं तशीच जपून ठेवायला लावली आणि वर आजची तारीख टाकायला सांगितली. आता डेटाबेसकडे कुणी जातच नव्हतं. वेग येणारच.

तिने ते गिळलं आणि लॅपटॉप पडद्याला जोडला. अनुभवाच्या दाखल्यावर आता त्याची सही लागणार होती, आणि त्याशिवाय पुण्यात कुणी दारात उभं करणार नव्हतं.

“दावा की मग,” दादासो म्हणाले. “आमच्या केरबाचं काढा.”

भिंतीकडेच्या दोघा संचालकांनी चटकन एकमेकांकडे पाहिलं. अबोलीने ते टिपलं. ती सुमंतच्या कानाशी वाकली.

“सर, हे परवाचं आहे.”

“तूपण परवाचीच झालीस,” तो ओठ न हलवता म्हणाला. “दाब.”

तिने दाबलं. पापणी लवायच्या आत पान उघडलं. केरबा, म्हैस, आज सकाळ, आठ लिटर. खोलीत कुणी हललं नाही. सुमंतला ती दाद वाटली.

“ताजं हाय का ह्ये?” दादासोंनी विचारलं.

“ताजं म्हणजे? अहो, सकाळी तुमच्या डेअरीच्या दारात केरबाअण्णा स्वतः भेटले मला. कॅन खाली ठेवला, माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, साहेब, तुमच्यामुळं आमचं दूध आमाला दिसाय लागलं. डोळ्यांत पाणी होतं हो त्यांच्या.”

टेबलाखालून अबोलीला त्याचा पाय दाबता आला असता. तिने पडद्यावरची अक्षरं मोठी केली.

“आनि काय म्हनाला?”

“म्हणाले, आता मरायला मोकळा झालो.”

दादासोंनी डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली.

“सुमंतराव, काल दुपारी आमी समदे त्याला अग्नी देऊन आलो,” ते म्हणाले. “आता परत भेटला तर तेवढा निरोप द्या. उद्या सकाळी राख सावडायची हाय. म्हनावं, येळेवर ये.”