रविवारचं नेट

दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि मास्तरीणबाई हातातलं काम टाकून दारात आल्या. फळ्यापुढे त्या कधी उभ्या राहिल्या नव्हत्या, पण मास्तरांची बायको म्हणून सगळ्या गल्लीच्या मास्तरीणबाईच. या माणसाला त्यांनी बोलावलं नव्हतं. थोरल्या लेकीने परस्पर धाडला होता, तोही नेमका रविवारी. दर आठवड्याला "नेट नाही, नेट नाही" ऐकून ती कंटाळली होती, आणि आईला न विचारता नसते उपद्व्याप करण्याची तिला लहानपणापासूनच हौस.

मास्तर शेजारी खुर्चीत बसले होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी रविवारी ते इस्त्रीचा शर्ट घालत, कारण रविवारी जेवणाआधी लॅपटॉपवर नातू ढब्बू दिसायचा. मुलाचा संसार मोडला, सून नातवाला घेऊन दूरच्या शहरात गेली, आणि आजोबांच्या वाट्याला आठवड्यातली ही एवढीच वेळ उरली. आधी ढब्बू भरभरून बोलायचा. मग नुसतं हं-हं करायला लागला. मग यायचाच बंद झाला. मास्तर मात्र शर्ट घालून रिकाम्या स्क्रीनसमोर बसून राहायचे आणि आत वाढलेलं ताट निवून जायचं.

ते बाईंना बघवेना. एकदा धूळ पुसताना लॅपटॉपच्या पुढच्या कडेचं बारीक बटण फडक्याने सरकलं आणि त्याच्याजवळचा निळा दिवा विझला. त्या दिवशी मास्तर म्हणाले, "नेट गेलंय. नाहीतर ढब्बू आलाच असता." आणि मुकाट्याने उठून जेवायला आले. पोटभर जेवले. तेव्हापासून दर रविवारी सकाळी केर काढताना बाईंचं बोट त्या बटणावरून फिरू लागलं आणि दुपारी मास्तर आडवे झाले की बटण गुपचूप पुन्हा जागेवर येऊ लागलं. नवऱ्याशी त्या कधी खोटं बोलल्या नव्हत्या. आताही बोलत नव्हत्या, फक्त बटण सरकवत होत्या. मनाची समजूत घालायला तेवढं पुरे होतं.

दुरुस्तीवाल्याने राउटर बंद करून चालू केला. स्वतःच्या मोबाइलवर पाहिलं. मोबाइलवर तर झकास येतंय, म्हणजे दोष लॅपटॉपचाच, असं पुटपुटला. लॅपटॉप बंद केला, पुन्हा सुरू केला, काय काय उघडून पाहिलं. बाई स्वयंपाकघराच्या दारात फडकं धरून उभ्या होत्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. त्याचं बोट जरा कडेला गेलं की यांचा जीव वरखाली. आतलं कार्ड गेलं असेल, बदलावं लागेल, असं तो म्हणाला, तेव्हा कुठे त्यांना हायसं वाटलं. असू दे आता, जुनं झालंय ते, असं त्या घाईघाईने बोलूनही गेल्या.

तो मॉडेलचा नंबर बघायला लॅपटॉप उलटा करू लागला आणि मध्येच थांबला. अंगठ्याने काहीतरी सरकवलं. निळा दिवा लागला.

"एवढंच होतं होय," तो म्हणाला. "वायफायचं बटण बंद होतं, सर. पण हे आपोआप सरकायचं नाही, चांगलं घट्ट आहे. कुणीतरी केलेलं दिसतंय."

बाईंनी फडक्याची घडी घातली, मोडली, परत घातली.

"माझाच हात लागला असेल," मास्तर म्हणाले. "मी पुसतो ना ते."

मास्तर स्वतःचा चष्मासुद्धा बायकोकडून पुसून घेत. पण बाईंना तेव्हा ते सुचलंच नाही. वाचले बाई, एवढंच त्यांना वाटलं.

दुरुस्तीवाला चहाला न थांबता गेला. मास्तरांनी लॅपटॉप टेबलावर ठेवला, कॉलर सारखी केली आणि समोर बसले. नेट होतं, दिवा लागलेला होता, ढब्बूची वेळही होत आली होती. आता कशाला म्हणून बोल लावायला जागा उरली नव्हती. बाई ओट्याशी उभ्या राहून लेकीवर चिडल्या, मग स्वतःवर चिडल्या. केर काढून झालेला, धूळ पुसून झालेली. त्या खोलीत जायला निमित्त तरी काय काढायचं? सरळ जाऊन सांगून टाकावं का, की तो यायचा नाही हो, त्याला आता आपली आठवणही येत नसेल? पण जीभ रेटेना. घासलेलं पातेलं त्यांनी पुन्हा घासलं. रडू आलं तेही त्या पातेल्याबरोबरच धुऊन काढलं.

शेवटी न राहवून त्यांनी दारातून डोकावलं.

मास्तर पाठमोरे बसले होते. स्क्रीन उजळलेली होती आणि तिच्यावर कुणीच नव्हतं. त्यांनी एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग त्यांचा हात लॅपटॉपच्या कडेला गेला. खाली न बघता, जराही न चाचपडता अंगठा नेमका त्या बटणावर पोचला. बटण सरकलं. निळा दिवा विझला.

बाई मागे सरल्या आणि पुन्हा ओट्याशी जाऊन उभ्या राहिल्या.

"अगं," बाहेरून हाक आली, दर रविवारी यायची तशीच. "गेलं बघ पुन्हा नेट. वाढ आता."

त्यांनी नळ सोडला, हात धुतले, नळ बंद केला.

"जुनं झालंय हो ते," त्या म्हणाल्या आणि ताटं घेतली.