नोविओ

नोएडाच्या ऑफिसात स्पेनच्या क्लायंटशी व्हिडिओ कॉल संपता संपता उत्तराने शेजारच्या यतीनची ओळख करून दिली, तीही ‘नोविओ’ म्हणून! वर्षभर तिच्यासोबत डबा खाणाऱ्या यतीनने घाईघाईने फोनवर अर्थ शोधला. नोविओ म्हणजे बॉयफ्रेंड, होणारा नवरा आणि मांडवात उभा असलेला नवरदेवसुद्धा.

“यार, यातला मी कुठला?”

“ते संदर्भावर ठरतं,” म्हणत उत्तरा हसत सुटली.

संध्याकाळी तिने त्याला चहाला म्हणून लक्ष्मीबाई नगरला घरी नेलं. दार तिच्या बाबांनी उघडलं.

“बाबा, हा यतीन. मला मागणी घालायला आलाय.”

हे यतीनलाही तेव्हाच कळलं. बूट काढायचंही विसरून त्याने वाकून नमस्कार केला.

“हो काका, त्यासाठीच आलोय!”