धाकटीचा कॅन

दोघी जावांनी एकाच मशीनवर हाडं तपासली. थोरलीची ठिसूळ निघाली, धाकटीची ठणठणीत. थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. “चोरून काय खातेस गं?” “पाणी तेवढं भरपूर पिते, ताई.” धाकटी तळमजल्यावरच्या नळाचं गोडं पाणी रोज कॅन भरून तीन मजले चढवायची. जादू त्या पाण्यातच, असं समजून थोरली अर्धाअधिक कॅन गुपचूप संपवायची आणि तोंड पुसून साळसूद बसायची. वर्षभरानं पुन्हा तपासलं. थोरली होती तिथंच. धाकटीच्या हाडांपुढं मशीनच म्हणे चक्रावलं. “करता काय तुम्ही?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. “पाणी पुरेना हो, आता दोनदा कॅन चढवते.” “पाणी हवंच, पण हाडं घट्ट झाली ती ओझं चढवून.” दुसऱ्या दिवशी थोरलीनं तिचा कॅन हिसकावला. “बस तू. यापुढे मीच आणणार.” धाकटीचे डोळे पाणावले. “किती जीव लावता, ताई.”