स्वभावाचा कागद

"मॅडम, तुमचा स्वतःचा टाइप कोणता?"

वर्गातल्या सगळ्या माना काजलकडे वळल्या. मागच्या बाकावर छकुलीने पुष्पांजलीचा दंड दाबला. काजलशी एका कचोरीची पैज होती, पण ती खरंच उभी राहील असं दोघींनाही वाटलं नव्हतं. गेल्या वर्षापर्यंत ही पोरगी हजेरी देतानासुद्धा बाकाकडे बघायची. पंधरा ऑगस्टला भाषण करताना माइक बंद पडला, तरी ती थांबली नाही, आणि तेव्हापासून जी सुटली ती सुटलीच.

मॅडम बुलढाण्याहून आल्या होत्या, दहावीच्या पोरांना स्वभावाचे चार प्रकार समजवायला. पुढाकार घेणारे, जुळवून घेणारे, तपासून पाहणारे, आपल्यातच रमणारे. प्रत्येकाची एक ताकद, एक कमजोरी. त्यांनी खडू खाली ठेवला.

"तुमच्या वयात मी पुढाकार घेणारी होते. आता जुळवून घेणारी आहे."

"म्हणजे टाइप बदलतो?"

"कागदावर बदलत नाही," मॅडम म्हणाल्या आणि प्रश्नांचे कागद वाटायला लागल्या. पन्नास प्रश्न, घरून भरून आणायचे. मनापासून.

काजलला हे सगळं भलतंच आवडलं. घरी येईपर्यंत तिने अर्ध्या वडनेर गावाचे टाइप ठरवून टाकले होते. आई दारात मिरच्या निवडत बसली होती.

"आई, तू जुळवून घेणारी."

"न घेऊन सांगू कोणाले?" कोकिळाबाई म्हणाल्या.

तिचा भाऊ ऋत्विक खाटेवर मोबाइल घेऊन पडला होता. तो काजलपेक्षा दीड वर्षाने मोठा, पण दोघं एकाच वर्गात. पहिलीत तो एकटा बसेना म्हणून काजललाही लवकरच शाळेत घातलं होतं, त्याच्या शेजारी. तेव्हापासून ती शेजारीच होती.

आता मात्र एकालाच जायचं होतं. अकरावी सायन्स, अकोला, मावशीच्या घरी. मावशीकडे जागा एकाची, आणि भाजीच्या वावरात घरचा एक हात लागतोच. बाबा, म्हणजे उत्तमराव, न्यायी माणूस. गावात कोणाचा बांधाचा वाद असला तरी लोक त्यांना बोलवायचे. काजलकडून मॅडमच्या कागदांचं ऐकून त्यांनीच तोड काढली.

"कागद येऊ दे. बाहेर राह्याले कोणाचा स्वभाव लायक आहे, ते त्यात निघंल. मी कोणाची बाजू घेणार नाही."

"अन् दोघं सारखेच निघालो तं?" काजलने विचारलं.

"मंग मार्क पाहू."

सराव परीक्षेत काजलला अठ्ठ्याऐंशी टक्के होते, ऋत्विकला छप्पन्न. त्या दिवशी काजलने पैजेत जिंकलेल्या कचोरीतली अर्धी छकुलीला परत दिली, इतकी ती खूश होती.

ऋत्विकचा कागद दोन दिवस दप्तरातून बाहेरच आला नाही. मॅडम गोळा करायला आल्या त्या सकाळी तो उशिरा उठला, म्हणून दोन्ही कागद काजलनेच टेबलावर ठेवले.

तीन आठवड्यांनी बंद लिफाफे आले. उत्तमरावांची ताकीद होती, कोणी फोडायचे नाहीत. संध्याकाळी हातपाय धुऊन, चष्मा लावून ते खुर्चीवर बसले. पहिला लिफाफा ऋत्विकचा.

"'या व्यक्ती स्वतःचे निर्णय स्वतः घेतात,'" त्यांनी मोठ्याने वाचलं. "'चारचौघांत बोलायला कचरत नाहीत. मनात घेतले ते पूर्ण करतात.' पाह्यलं का, कोकिळा? पोरगं बोलत नाही, पण आत आहे त्याच्या."

"अन् कमजोरी?" कोकिळाबाईंनी विचारलं.

"'दुसऱ्याचे लवकर ऐकत नाहीत.' ह्याले काय कमजोरी म्हणतेत? सगळ्याचं ऐकणारा माणूस कुठंच पोचत नाही."

ऋत्विकने एकदा काजलकडे पाहिलं आणि पुन्हा मोबाइलमध्ये मान घातली.

दुसरा कागद उत्तमरावांनी मनातल्या मनात वाचला. ओठ हलत होते. हळूहळू कपाळाला आठी पडली.

"काय लिहिलं, बाबा?"

"तुले मॅडमनं बरोबर वळखलं. कोणाले न विचारता करते. चारचौघात तोंड चालते. एकदा डोक्यात घेतलं का सोडत नाही. अन् ऐकत तं कोणाचंच नाही."

"असं लिहिलं?"

"शब्द त्यायचे, मतलब हाच. अशी पोरगी बाहेर ठेवली तं हाताबाहेर जाईन. मी नाही म्हणून राह्यलो, कागदच म्हणते."

कोकिळाबाईंनी मिरचीचं सूप बाजूला सरकवलं. "राह्य ना वं इथंच. मलकापूरच्या कॉलेजात जाय. एसटीनं जाय, एसटीनं ये. संध्याकाळी मले बी हात होईन."

"अन् मार्क?"

"मार्क काऊन पाहा लागतात?" उत्तमराव शांतपणे म्हणाले. त्यांनी दोन्ही कागदांच्या घड्या घातल्या. "कागद सारखे असते, तं पाह्यले असते. बोललो होतो तसा मी."

काजलने ते दोन्ही कागद बाबांच्या हातातून घेतले, उलगडले आणि त्यांच्याच मांडीवर शेजारी शेजारी ठेवले.

"दोन्ही मीच भरले, बाबा. तो म्हणे, तुह्यासारख्याच खुणा कर. पन्नासच्या पन्नास तशाच केल्या, म्हटलं मार्कावर होऊ दे. जुळवून पाहा, एका अक्षराचा फरक नाही. अन् मी ठरवलं, आजपासून त्याचा एकबी कागद मी भरणार नाही."