चमचाभर सोडा

दादानं नळीतल्या तळ्याच्या पाण्यात तपासणीच्या औषधाचे तीन थेंब टाकले आणि नळी उजेडाकडे धरली. पाणी हिरवं व्हायच्या ऐवजी पिवळट झालं.

"पीएच उतरलाय," तो म्हणाला. "दोन दिवस झोडपलं ना पावसानं."

धाकटी बहीण मागच्या पायरीवर चहा घेत बसली होती. बऱ्याच वर्षांनी ती माहेरी निवांत आली होती.

"ठाऊक आहे. पावसाच्या पाण्यात क्षार नसतात, ते मिसळलं की तळ्याचं पाणी कमजोर पडतं, आंबट होतं. बाबांनी घोकूनच घेतलं होतं."

दोघंही हसली. बाबा औषधांच्या दुकानात कामाला होते. जीव मात्र सगळा परसातल्या या हौदाएवढ्या तळ्यात. काठावर बसून त्यांनी शीळ घातली की सातही सोनेरी मासे तोंडं वर काढून हजर. "ही माझी शहाणी मुलं," ते म्हणत. "तुम्ही दोघं तर दहा हाकांनी येत नाही."

आता तळ्यात मासे दुसरे होते. दादानं चमचाभर खायचा सोडा मगात विरघळवला आणि काठाकाठानं हळूहळू सोडला. चाळीस वर्षांत पावसानंतरचं हे काम त्यानं एकदाही चुकवलं नव्हतं. लेकीच्या लग्नादिवशीसुद्धा नव्या कपड्यांत इथं उकिडवा बसला होता.

"झालं ना? चल आता घरात."

तो उठला नाही.

"ठमे, एक सांगायचंय. बाबा परगावी गेले होते आणि पावसात सातही मासे गेले, आठवतं? सोडा टाकायचं काम माझ्यावर होतं. मी खेळायच्या नादात विसरलो. आणि बाबांना छातीठोकपणे सांगितलं, टाकला म्हणून."

बहिणीनं कप खाली ठेवला.

"ते नुसते 'पावसानं नेले रे' म्हणाले. पुन्हा कधी शीळ घातली नाही त्यांनी. ते जाईपर्यंत माझ्या तोंडून खरं निघालं नाही." त्यानं रिकामा मग काठावर पालथा ठेवला. "माझ्यामुळे मेले गं ते मासे."

ती पायरीवरून उठली. मग त्याच्या शेजारी येऊन बसली.

"तू विसरलास, ते मी पाहिलं होतं," ती म्हणाली. "तुला ओरडा बसेल म्हणून तुझ्या वाटचा सोडा मी टाकला, दादा. कपडे धुण्याचा. अख्खी बरणी."