हॉर्नवर येणारे मोर

तिसऱ्यांदा हॉर्न वाजवूनही एकही मोर आला नाही, तेव्हा विजयसिंहाने जीप बंद केली आणि मागच्या बाकावरच्या बंकटकडे असं पाहिलं, जणू मोर त्यानेच कुठेतरी दडवून ठेवलेत.

"काय बे, कुठं गेले तुझे मोर?"

बंकट वर बघत होता. ओढ्याकाठच्या मोठ्या कडुलिंबावर अकरा मोर-लांडोरी अंग चोरून बसल्या होत्या. मोर झाडावर चढतो तो दिवस मावळताना, झोपायला. आत्ता कुठे चार वाजत होते. या वेळी ते खाली दाणे टिपत असायला हवे होते.

अभयारण्याला लागून असलेल्या आपल्या रानात विजयसिंहाने सफारी काढली होती. टप काढलेली जीप, दारावर रंगवलेला मोर आणि वाटाड्या म्हणून बंकट. सोमवारी उद्घाटन. त्याआधी त्याला व्हिडिओ हवा होता: मोरांच्या गराड्यात आपली सहा वर्षांची आरोही दाणे टाकते आहे, असा. त्यासाठी दिवाळीपासून रोज याच वेळी, याच जागी हॉर्न वाजवून जोंधळा टाकायचं काम त्याने बंकटला लावून दिलं होतं. मोर असे सरावले की हॉर्न ऐकला की धावत सुटायचे. या युक्तीचं विजयसिंहाला स्वतःलाच भारी कौतुक होतं.

"भैय्या, आज माघारी जाऊ," बंकट म्हणाला. "दुपारधरनं ओरडायलते मोर. आता एकदम गप झालेत. खाली कायतरी हाय."

"पाहुणे यायचेत म्हणून ओरडत असतील. काय हाय खाली?"

बंकटने शेजारी बसलेल्या आरोहीकडे पाहून आवाज उतरवला. "परवा दाण्यापाशी पिसांचा ढीग पडलता. तुमाला दावला की मी. हॉर्न काय निसता मोरालाच ऐकू येतो व्हय?"

पुढे नवऱ्याशेजारी बसलेली सायली गर्रकन वळली. "बिबट्या म्हणताय का तुम्ही?"

"रानात नाव घेऊ ने, वैनी."

"गप बे. लेकरासमोर कायबी बरळतो," विजयसिंह म्हणाला. "कुत्र्यानं धरला असंल एखादा मोर." त्याने मोबाइल काढून काच शर्टाला पुसली. "आरू, उतर बेटा. तू दाणे टाक, मग बघ कसे येतेत."

बंकटचा हात तिला धरायला पुढे गेला आणि मालकाचा चेहरा बघून मागे आला. त्या हाताची त्याला लगेच लाज वाटली. तोवर पोरगी डबा घेऊन उतरलीसुद्धा होती.

वीसेक पावलांवर दाण्याची जागा होती. आरोही तिथे जाऊन उकिडवी बसली आणि मुठीमुठीने जोंधळा टाकत "या, या" करू लागली. उभं माणूस बघून जनावर दहादा विचार करतं. बसलेलं लेकरू त्याला शेळीएवढंच दिसतं.

लिंबावरचे मोर दाण्यांकडे बघतच नव्हते. अकराच्या अकरा माना ओढ्यातल्या झुडपांकडे लागल्या होत्या. मग त्या सगळ्या मिळून हळूहळू वळू लागल्या. झुडपांवरून बांधाकडे, बांधावरून वाळल्या गवताकडे. गवताचं पातंही हलत नव्हतं. माना तेवढ्या हलत होत्या.

सायलीच्याही ते ध्यानात आलं. "अहो, बोलवा तिला," ती म्हणाली. नवरा मोबाइलमध्ये बघत होता. तिने स्वतःच हाक मारायला तोंड उघडलं, तसा बंकटने तिचा खांदा दाबला. आजवर त्याने वैनीकडे मान वर करूनही पाहिलं नव्हतं.

"ओरडू नका. भ्याली की पळंल. पळाली की संपलं."

तो खाली उतरला. दोन्ही हात पसरून, जमेल तेवढा मोठा होऊन, तो पावलापावलाने चालू लागला.

"आरोहीताई, हुबं राहा. माझ्याकडं बघा. पळायचं न्हाई. चालत या."

"अजून दाणे संपले न्हाईत," ती बसूनच म्हणाली.

"राहू द्या दाणे. तुमी हुबं राहा आधी."

"बंकट, मधून हट बे," मागून विजयसिंह ओरडला. "तूच दिसायलास सगळीकडं."

बंकट हटला नाही. इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदाच भैय्याचं ऐकलं नव्हतं, आणि आपल्याला फार उशीर झालाय हेही त्याला कळत होतं. दहा पावलं राहिली. गवत आरोहीच्या पाठीमागे जिथे संपत होतं, तिथून ती हातभरही लांब नव्हती.

लिंबावरच्या माना थांबल्या. सगळ्या खाली वाकलेल्या, सगळ्या एकाच जागी खिळलेल्या. सायली जीपचं दार ढकलत होती आणि घाईत तिला कडी सापडत नव्हती.

विजयसिंह बाकावर उभा राहिला होता. आता कुठे त्याला हवं तसं चित्र जुळून आलं होतं. खाली दाणे टाकणारी पोर, वर मोरांनी भरलेलं झाड. त्याचा चेहरा फुलला.

"बघ सायली," तो म्हणाला, "समदे मोर आपल्या आरूकडंच बघायलेत."