दुधाचा टेम्पो

बदलीवर मार्गासनीला आलेला, बँकेत बसून बसून पोट सुटलेला प्रद्युम्न वेल्ह्याच्या शर्यतीसाठी दिवाळीपासून रोज सकाळी पळायचा. निदान तो तरी त्याला पळणंच म्हणायचा. त्याचा भोरचा मित्र मधू म्हणायचा, "लांबून बघणाऱ्याला वाटतं, बिचाऱ्याची एसटी चुकलीय."

कुंडलिकमामांनाही तसंच वाटत असावं. पायी निघालेल्या माणसाला मागं टाकून जायची या रस्त्याला रीतच नाही. ते दुधाचा टेम्पो हळू करून रोज विचारायचे, "बसा की सायेब, सोडतो फुडं." आणि प्रद्युम्न ऐटीत हात हलवून रोज सांगायचा, "नको मामा, मला पळायचंय!"

शर्यतीच्या सकाळी मधूनं विचारलं, "तू पोचेपर्यंत मांडव सोडू नका, म्हणून सांगून ठेवू का?"

"तू हार घेऊन उभा राहा. मी आलोच."

पहिल्याच चढाला ऐट उतरली. पोटऱ्यांत गोळे आले. पुढचे दिसेनासे झाले आणि मागं तर कुणी उरलंच नव्हतं. तेवढ्यात पाठीमागून ओळखीचा हॉर्न वाजला. लाजलज्जा गुंडाळून प्रद्युम्ननं टेम्पोला हात केला. एक पुरेना म्हणून दोन्ही केले.

मामांनी टेम्पो हळूसुद्धा केला नाही. खिडकीतून मान बाहेर काढून ते मोठ्या कौतुकानं ओरडले, "ठावं हाय, ठावं हाय! आज इचारतसुदिक न्हाई. पळा तुमी!"